येत होतं, तरी चुकलं

प्रिय बेटा,

परवा तुझे पप्पा दाढ दाखवायला आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच खिशातून तुझ्या नीटच्या, म्हणजे मेडिकल-डेंटलच्या प्रवेश परीक्षेच्या, सराव पेपरचे कागद काढले. ७२० पैकी ३९०. "पोर रातले दोन वाजालोंग बसस मॅडम, मंग मार्क कथा जातस?" दाढ राहिली बाजूला, मी ते कागदच बघत बसले.

तू १७० प्रश्न सोडवलेस, ११२ बरोबर, ५८ चूक. त्या ५८ पैकी २३ तुला येत होते. कच्च्या कामावरून ते स्पष्ट दिसतं. 'अयोग्य विधान ओळखा' असं विचारलं होतं, तू योग्य विधानावर खूण केलीस. भौतिकशास्त्रात सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, फक्त सेंटीमीटरचे मीटर करायचे राहिले. चुकलेला प्रश्न बरोबर झाला की चार गुण मिळतात आणि चुकीसाठी कापलेला एक गुणही परत येतो. म्हणजे २३ प्रश्नांचे ११५ गुण. नवीन एकही धडा न वाचता ५०५. तू यांना 'सिली मिस्टेक' म्हणतेस असं पप्पा म्हणाले. तो शब्द सोड. त्या नावाखाली चूक माफ होते आणि पुढच्या पेपरात पुन्हा येते. एक वही कर. प्रश्न उतरवत बसू नकोस, फक्त कारण लिही: 'नाही' वाचलं नाही, एकक बदललं नाही, शेवटचा पर्याय पाहिलाच नाही. दोन आठवड्यांत तुझ्या लक्षात येईल की कारणं चार-पाचच आहेत.

अंदाजाने उत्तरपत्रिकेवरचे गोळे भरू नकोस असं सगळे सांगतात. हिशेब मात्र तसा नाही. चार प्रश्न डोळे झाकून मारले आणि सरासरीने एक लागला, तर चार मिळून तीन जातात, एक हातात उरतो. खरा मार बसतो अर्धवट आठवतं तिथे. मुलं कुठल्या पायरीवर घसरतात हे पेपर काढणाऱ्याला ठाऊक असतं, आणि घसरल्यावर जे उत्तर येतं ते पर्यायांत ठेवलेलंच असतं. ते दिसलं की आपला जीव भांड्यात पडतो. म्हणून उत्तर पर्यायांत सापडलं एवढ्यावरून ते बरोबर आहे असं समजू नकोस, प्रश्नाची शेवटची ओळ पुन्हा वाच.

आता माझी फजिती ऐक. आमच्या वेळी राज्याची सीईटी होती, गुण कापत नव्हते. मी ४३वा प्रश्न नंतर बघू म्हणून सोडला आणि त्याच्या गोळ्यात ४४चं उत्तर भरलं. ६०व्या प्रश्नाचं उत्तर ५९च्या गोळ्यात गेल्यावर लक्षात आलं, तोवर सतरा उत्तरं एकेक घर सरकली होती. घाम कशाला म्हणतात ते त्या दिवशी कळलं. तुमच्याकडे तर काळं बॉलपेन, एकदा भरलं की खोडता येत नाही. १८० गोळ्यांना पाच-पाच सेकंद धरले तरी पंधरा मिनिटं जातात, ती शेवटी राखून ठेवू नकोस. एक पान सोडव, त्या पानाचे गोळे भर, पहिला आणि शेवटचा क्रमांक जुळव, मग पान उलट.

तुला बीडीएसच, म्हणजे माझ्यासारखी दातांची डॉक्टरकीच, करायचंय हे ऐकून बरं वाटलं. पण 'डेंटलला काय, सोपं असतं' असं कुणी म्हटलं तर हसून सोडून दे. पेपर एकच, नीटचाच.

माध्यमाचा गोंधळ फॉर्म भरायच्या आधी मिटव. तुझी दहावी मराठीतून झाली, अकरावीपासून सायन्स इंग्रजीतून. तू 'ऑस्मोसिस' पाठ केलंयस, मराठी पेपरात 'परासरण' येईल. त्या पेपरात इंग्रजी मजकूरही असतो आणि शंका आली तर इंग्रजीच ग्राह्य धरतात, पण दोन्हीकडे डोळे फिरवण्यात वेळ जातो. ज्या भाषेत सराव, त्याच भाषेत पेपर.

आणि सराव सकाळी गारव्यात करणं बंद कर! परीक्षा दुपारी २ ते ५, तीही मे महिन्यात. आपल्याकडचं ऊन तुला सांगायला नको. रविवारी दुपारी २ लाच बस, कूलर बंद ठेवून. जेवण हलकं. परीक्षेच्या दिवशी आजीने प्रेमाने वरणबट्टी केली, तर ती रात्रीसाठी ठेवायला सांग, नाहीतर तिसऱ्या पानावरच पेंग येईल. केंद्राचं फाटक १:३० ला बंद होतं आणि लग्नसराईत पारोळ्याहून एसटीत उभं राहायला जागा मिळाली तरी नशीब. केंद्र जळगावला आलं तर आदल्या दिवशीच मावशीकडे जा. संध्याकाळी केंद्राचं दार बघून ये. अर्ध्या बाह्यांचा कुर्ता आणि साधी चप्पल घाल.

एक काम पप्पांचं आहे, त्यांना वाचून दाखव. राखीव जागेसाठी लागणारं जातवैधता प्रमाणपत्र अजून काढलेलं नाही म्हणाले. निकालानंतर धावपळ करून ते वेळेत हातात येईलच असं नाही, आणि ते नसलं की मार्क असूनही सीट जाते. प्रकरण या महिन्यातच दाखल करा. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदतही तपासा.

पुढच्या रविवारी पप्पांसोबत अमळनेरला ये. वही घेऊन ये, कोरी असली तरी चालेल. आणि त्यांना सांग, त्या दाढेचं रूट कॅनल राहिलंय. त्या दिवशी तुझ्या कागदांमुळे माझ्या हातून सुटले, रविवारी सुटणार नाहीत.

तुझी,
डॉक्टर मावशी