मालवणात एकच दिवस आहे. काय बघावं, कुठे जेवावं?

सकाळी लवकर जेटीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ला करा आणि दुपारी गावातल्या एखाद्या घरगुती खानावळीत जेवा. मी इथलाच, म्हणून सांगतो: ऊन चढलं की किल्ल्यात सावली शोधत फिरावं लागतं. आत शिवराजेश्वर मंदिर आणि चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे-पायाचे ठसे चुकवू नका. खानावळीत बसण्याआधी ‘आज ताजं काय?’ एवढंच विचारा. सुरमईच्या मागे सगळेच लागतात (आणि दरही तसाच लागतो). तिरफळं (कोकणातला एक मसाला) घातलेलं बांगड्याचं तिखलं (तिखट, दाटसर कालवण) किंवा तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं असेल तर तेच घ्या, सोबत सोलकढी. फक्त भर पावसाळ्यात येऊ नका: किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, त्यामुळे ताटात बर्फातली मासळी येण्याची शक्यता जास्त.