डेटाबेसच्या बाजारात ओरॅकल, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस यांपैकी नक्की पुढे कोण?

आधी मोजायचं काय ते ठरवा. नुसता महसूल पाहिलात तर पोस्टग्रेसचं खरं बळ कळणारच नाही, कारण ते मोफत आहे आणि कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. डीबी-इंजिन्स या संकेतस्थळाची डेटाबेसच्या लोकप्रियतेची क्रमवारी शोध, चर्चा, नोकरीच्या जाहिराती यांवर बेतलेली. प्रत्यक्ष वापर ती मोजत नाही. तिथे ओरॅकल वर्षानुवर्षं वर आहे. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तर-संकेतस्थळाच्या २०२३ च्या पाहणीत मात्र वापराच्या बाबतीत पोस्टग्रेसने मायएसक्यूएलला मागे टाकलं. (मायएसक्यूएलही २०१० पासून ओरॅकल कंपनीचंच.)

ओरॅकलची खरी ताकद जुन्या ग्राहकांत आहे. पीएल/एसक्यूएल या ओरॅकलच्या स्वतःच्या भाषेत लिहिलेला वर्षानुवर्षांचा कोड दुसऱ्या डेटाबेसवर हलवणं महागडं आणि जोखमीचं. तरी ॲमेझॉनने २०१९ मध्ये आपल्या ग्राहक-व्यवसायातले ओरॅकल डेटाबेस बंद केलेच. नवं काम सुरू करत असाल तर मी पोस्टग्रेसच सुचवेन.