१९६४ पूर्वीची विंचेस्टर ९४ घेताना काय तपासावं?

तुमचा प्रश्न असा: तुम्ही अमेरिकेत राहता, दुकानदार .३०-३० काडतुसाची विंचेस्टर ९४ ही लिव्हरने भरायची रायफल 'मूळ अवस्थेतली, १९६४ पूर्वीची' म्हणून विकतोय, मग त्यावर विश्वास ठेवायचा का?

आधी व्हिसा बघा. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना ही त्यातली नेहमीची सवलत. ग्रीनकार्ड असेल तर ही अडचण नाही. राज्याचे नियम वेगळे असतात, ते तपासा.

आता रायफल. हातात घेतल्यावर पहिल्यांदा ती रिकामी आहे ना ते बघा, आणि नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतूस अडकलेलं नाही याचीही खात्री करा. अनुक्रमांक रिसीव्हरच्या (यंत्रणा बसवलेल्या मधल्या पोलादी भागाच्या) पुढच्या टोकाला, खालच्या बाजूने असतो. २७,००,००० पासून पुढचा असेल तर ती १९६४ किंवा नंतरची. पण नुसत्या क्रमांकावर जाऊ नका. लिव्हर (ट्रिगरभोवतीची हलणारी कडी) खाली ओढा आणि काडतूस वर उचलणारा लिफ्टर बघा. जुन्यात तो भरीव पोलादाचा असतो, १९६४ नंतर खर्च वाचवायला तो पत्र्यातून ठोकून काढू लागले. पिनांचंही तेच, आधी भरीव, नंतर पोकळ.

पैसे मोजायचे ते मुख्यतः फिनिशसाठी. ऐंशी वर्षांची रायफल काळीभोर चकाकत असेल तर माझा संशय वाढतो. बहुतेकदा ती घासून पुन्हा ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) केलेली असते. नळीवरची अक्षरं पुसट आहेत का? रिसीव्हरच्या कडा गोलसर झाल्यात का? स्क्रूभोवती बशीसारखा खळगा पडलाय का? यातलं एक जरी दिसलं तरी 'मूळ' म्हणून भाव देऊ नका. उलट, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या कित्येक रिसीव्हरवरचं ब्लूइंग आपोआप पापुद्रे सुटून उडतं. दिसायला वाईट, पण ती प्रामाणिक खूण आहे. स्क्रूच्या खाचा चेपलेल्या असतील तर कुणीतरी चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने आत हात घातलाय.

नळी तपासताना लिव्हर उघडी ठेवून आत पांढरा कागद धरा आणि तोंडाकडून बघा. या रायफलची नळी मागून साफ करता येत नाही, रॉड तोंडातूनच घालावा लागतो. त्यामुळे तोंडाजवळचा शेवटचा इंचभर भाग झिजतो आणि नेम बिघडतो. बाकी नळी उत्तम असली तरी इथे आतल्या पिळाच्या खाचा बोथट दिसल्या तर किंमत पाडून मागा.

मग यंत्रणा. लिव्हर बंद केल्यावर मागचा लॉकिंग बोल्ट पूर्ण वर यायला हवा. हॅमर (घोडा) अर्ध्या खाचेत ठेवून ट्रिगर ओढा, हॅमर पडता कामा नये. हॅमर पूर्ण मागे ओढून, ट्रिगरला हात न लावता अंगठ्याने मागून जोर दिला तरी तेच. लिव्हर दस्त्याला घट्ट दाबल्याशिवाय ट्रिगर चालत नाही, हा बिघाड नव्हे, तशीच रचना आहे.

क्रमांक ३,५३,९९९ पर्यंतचा असेल तर वायोमिंगमधल्या कोडी फायरआर्म्स म्युझियमकडून शुल्क भरून कारखान्याच्या नोंदींचं पत्र मिळतं. त्यातला कॅलिबर आणि नळीचा प्रकार समोरच्या रायफलशी ताडून बघा. नळी बदललेली असेल तर इथे उघडं पडतं.

चालवायची असेल तर चपट्या नाकाच्याच गोळ्या, साधारण १५० किंवा १७० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) च्या. मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागोमाग असतात, टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर) टेकली तर धक्क्याने आतच बार उडू शकतो. आणि ठेवताना चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवू नका, ते दमटपणा धरतं आणि गंज चढतो.