२०१० च्या दशकात देशासाठी सर्वाधिक गोल: माझ्या वहीतला क्रम

तुम्ही विचारलंय की २०१० ते २०१९ या दहा वर्षांत देशाच्या जर्सीत सर्वाधिक गोल कुणी केले आणि त्यांचा क्रम कसा लावायचा. पुरुषांच्या फुटबॉलबद्दल सांगतो. नुसता आकडाच हवा असेल तर पोर्तुगालचा रोनाल्डो ७७, ब्राझीलचा नेमार ६१, अर्जेंटिनाचा मेस्सी ५७. पोलंडचा लेवांडोव्स्की मेस्सीच्या आसपासच, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत आपला सुनील छेत्रीही आहे. पण क्रम लावायचा म्हटलं की मला एवढ्यावर थांबवत नाही.

मी बेळगावचा, टिळकवाडीत राहतो. रविवारी सकाळी लेले ग्राउंडवर खेळून झालं की चहा येतो आणि मेस्सी-रोनाल्डो सुरू होतं, अर्धं मराठीत, अर्धं कन्नडात. कुणी ‘एष्टु?’ (किती?) विचारलं की आकडा तोंडपाठ पाहिजे, नाहीतर तुमचं कुणी ऐकूनच घेत नाही. म्हणून २०१० च्या वर्ल्ड कपपासून वही ठेवली. स्पर्धेतला किंवा पात्रता फेरीतला गोल लाल पेनानं, मैत्रीपूर्ण सामन्यातला निळ्यानं. समोर संघ कोणता होता तेही लिहायचं.

रोनाल्डो २००९ संपताना २२ गोलांवर होता, २०१९ संपताना ९९ वर. त्याची पानं बहुतेक लालच आहेत. लोक म्हणतात, दुबळ्या संघांवर केले. खरंय, एकट्या २०१९ मधल्या १४ गोलांपैकी ७ लिथुआनियावर आहेत. पण त्याच वर्षी युरोपातल्या देशांच्या नेशन्स लीगच्या उपांत्य सामन्यात स्वित्झर्लंडवर हॅटट्रिकही आहे. आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये वर्ल्ड कपचं तिकीट पणाला लागलेलं असताना स्वीडनविरुद्धच्या दोन सामन्यांत पोर्तुगालचे चारही गोल त्याचेच होते. मी स्वतः मेस्सीचा माणूस, तरी पहिला नंबर रोनाल्डोलाच देतो. तिथं वाद नाही.

खरा वाद दुसऱ्या नंबरचा. नेमार ऑगस्ट २०१० मध्ये पहिला सामना खेळला आणि त्यातच गोल केला, म्हणजे त्याचे ६१ च्या ६१ याच दशकातले. पण २०१४ पर्यंतची त्याची पानं उघडली की निळी शाई जास्त दिसते. यात त्याचा दोष नाही. ब्राझील यजमान होता, म्हणून त्या वर्ल्ड कपची पात्रता फेरी त्यांना खेळावीच लागली नाही. मग चीनवर ३, दक्षिण आफ्रिकेवर ३, वर्ल्ड कप झाल्यावर जपानवर ४, असे तीन मैत्रीपूर्ण सामन्यांत दहा गोल. त्याच पात्रता फेरीत मेस्सी दक्षिण अमेरिकेतल्या एकेका संघाशी घरी आणि त्यांच्या घरी जाऊन खेळत होता. त्याचे तिथं १० गोल आहेत. त्या खंडात लिथुआनिया नाही, अँडोरा नाही, असे दुबळे संघच नाहीत. मेस्सीच्याही २०१२ च्या पानावर निळं आहे, पण त्यातले तीन गोल खुद्द ब्राझीलवरचे.

आणि ऑक्टोबर २०१७ चं कीटो, इक्वेडोरची राजधानी. समुद्रसपाटीपासून २,८०० मीटरच्या वर, जिंकलं नाही तर अर्जेंटिनाचा वर्ल्ड कप हुकण्याची भीती, आणि पहिल्याच मिनिटात इक्वेडोरचा गोल. तिथून मेस्सीनं तीन मारले. ती ओळ मी लाल पेनानं दोनदा गिरवलीय. म्हणून माझ्याकडे मेस्सी दुसरा.

तिसरा लेवांडोव्स्की. २०१८ च्या वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत त्याचे एकट्याचे १६ गोल होते, सगळे लाल. नेमार चौथा.

पाचवा छेत्री, आणि इथं मला थोडं जास्त बोलायचंय. नेपाळ, मालदीव यांच्यावर केलेले गोल मोजायचे का, असं कुणी ना कुणी विचारतंच. लिथुआनियावरचे मोजता ना, मग हेही मोजा. शिवाय मार्च २०१५ मध्ये भारत जागतिक क्रमवारीत १७३ वा होता. अशा संघाच्या पुढच्या फळीत चेंडू पोचायलाच किती कष्ट, हे आमच्यासारख्या रविवारी खेळणाऱ्यांनाही कळतं. २०१९ च्या आशिया कपमध्ये थायलंडवर दोन मारून तो कारकिर्दीतल्या एकूण ६७ गोलांवर गेला, तेव्हा मेस्सी ६५ वर होता.

जून २०१८ मध्ये मुंबईत चायनीज तैपेई, म्हणजे तैवानच्या संघाविरुद्ध त्यानं हॅटट्रिक केली, तेव्हा स्टेडियममध्ये जेमतेम अडीच हजार माणसं होती. मग त्यानं व्हिडिओ टाकला: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. तो बघून मी आणि माझा भाचा रात्रीच्या बसनं निघालो. ४ जूनला अंधेरीत केनियाशी सामना, त्याचा शंभरावा, स्टेडियम भरलेलं आणि पाऊस नुसता कोसळत होता. मैदानावर पाणी साचून पास मध्येच अडत होता. त्यानं आधी पेनल्टीवर गोल केला. शेवटच्या क्षणी चेंडू मिळाला तेव्हा गोलकीपर पुढे आलेला होता. त्यानं तो अलगद त्याच्या डोक्यावरून उचलून टाकला. एवढ्या चिखलात इतका हलका पाय. भाचा ओरडून ओरडून घसा बसवून घेऊन बेळगावला परतला.

पुरुषांपुरतं हे झालं. स्त्री-पुरुष दोघांत मिळून आजवर देशासाठी सर्वाधिक गोल कॅनडाच्या क्रिस्टीन सिंक्लेअरचे, १९०. वहीत तिचं पान मी उशिरा सुरू केलं, याची हळहळ वाटते.