लक्ष ‘देणं’ आणि लक्ष ‘लागणं’ : एडीएचडीला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या अहवालात ‘अवधान-अभाव अतिक्रियाशीलता विकार’ (एडीएचडी) असं लिहिलंय. बोलताना सगळे ‘अतिचंचलता’ म्हणतात. पण ती वर्गात गप्प बसून असते आणि चित्रं काढायला बसली की दोन-दोन तास उठत नाही. मग ती चंचल कशी, आणि अभाव तरी कसला? योग्य शब्द कोणता?

उत्तर : तुमच्या दोन्ही शंका रास्त आहेत. दोन्ही शब्दांमागे या अवस्थेचं अर्धवट चित्र आहे, आणि ते कुठून आलं हे बघितलं तर उत्तर सापडतं.

‘अतिचंचलता’ हा शब्द जुन्या समजुतीवर बेतलेला आहे. लंडनमध्ये 1902 साली डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांचं वर्णन केलं, तेव्हा त्यांना त्यात ‘नैतिक नियंत्रणातला दोष’ दिसला होता. पुढे विसाव्या शतकाच्या मध्याला ‘मेंदूला झालेली किंचित इजा’ असं म्हणण्याची रीत पडली. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या 1968 च्या निदानपुस्तिकेत नाव आलं ते अतिहालचालीचंच. जे डोळ्यांना दिसतं त्याला आधी नाव मिळालं. कॅनडात मॅकगिल विद्यापीठातल्या व्हर्जिनिया डग्लस यांनी 1972 मध्ये दाखवून दिलं की खरी अडचण लक्ष टिकवण्याची आणि स्वतःला थांबवण्याची आहे. त्यानंतर 1980 च्या आवृत्तीत नावात अवधान पुढे आलं, आणि हालचाल नसली तरी निदान होऊ शकतं हे मान्य झालं. आजचं नाव 1987 चं. आता निकषांच्या दोन याद्या आहेत, बेध्यानपणाच्या नऊ खुणांची एक आणि हालचाल-उतावळेपणाच्या नऊ खुणांची दुसरी. मुलांमध्ये यांपैकी एका यादीतल्या सहा खुणा निदानासाठी पुरेशा असतात. अर्थात त्या किमान सहा महिने आणि घर, शाळा अशा दोन ठिकाणी दिसाव्या लागतात, आणि बारा वर्षांच्या आतल्या असाव्या लागतात. गप्प बसणाऱ्या मुली मात्र निदानातून वर्षानुवर्षं निसटतात. कोणाला त्रास देत नाहीत, म्हणून कोणी विचारत नाही. ‘अतिचंचलता’ म्हणत राहिलो तर त्या निसटतच राहणार, म्हणून हा शब्द मी वापरत नाही.

आता ‘अभाव’. इथे आपल्याच भाषेकडे जरा थांबून बघावंसं वाटतं. मराठीत लक्षाची दोन क्रियापदं आहेत. ‘मी लक्ष देते’ यात कर्ता मी, कृती माझी. ‘माझं लक्ष लागतं’ यात लक्षच कर्ता. ते लागतं किंवा लागत नाही, माझ्या हुकमावर नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाची सुरुवात ‘तरी अवधान एकवेळें दीजे’ अशी आहे. अवधान ही तिथे मागितली जाणारी आणि देता येणारी गोष्ट आहे. बहुतेकांना देणं आणि लागणं यांत फारसं अंतर जाणवत नाही, कारण दिलं की थोड्या वेळात लागतं. एडीएचडीमध्ये नेमका हाच दुवा कच्चा असतो. चित्रांत लक्ष आपसूक लागतं आणि मग तिथून काढता येत नाही. गणितात द्यायचं ठरवलं तरी ते लागत नाही. साठा कमी नाही, वळवण्याची यंत्रणा वेगळी आहे. संशोधक याला स्वनियमनातली अडचण म्हणतात. मेंदूत आवड, प्रेरणा आणि एकाग्रतेशी निगडित असलेल्या डोपामिन व नॉरॲड्रेनलिन या रसायनांचा त्यात वाटा मानला जातो. एडीएचडीवर दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे औषधही यांचंच पेशींमध्ये परत शोषलं जाणं रोखतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी 2007 मध्ये एडीएचडी असलेल्या 223 आणि नसलेल्या 223 मुलांचे मेंदू-स्कॅन ताडून पाहिले. मेंदूच्या बाह्यपटलाचा निम्मा भाग कमाल जाडीला पोचण्याचं मध्यक वय इतर मुलांत साडेसात वर्षं, तर या मुलांत साडेदहा निघालं. वाढीचा क्रम तोच, वेळ पुढे सरकलेली. सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात, जिथून आवर घालण्याचं आणि आखणीचं काम चालतं. हे गटाचं चित्र आहे, एका मुलीचा स्कॅन काढून निदान होत नाही. आणि सगळ्यांचंच पुढे आपोआप सुरळीत होतं असंही नाही. अनेकांची अडचण मोठेपणीही राहते. तरीही ‘अभाव’ या शब्दात जी कायमची रिकामी जागा ऐकू येते, ती या चित्रात नाही.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर ‘लाडावलेली’, ‘वळण नाही’, ‘आळशी’ हेही घेतो, कारण अहवालातल्या शब्दापेक्षा मुलीच्या कानावर हेच जास्त पडतात. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा सरासरी 74 टक्क्यांच्या आसपास येतो. याचा अर्थ मुलाला एडीएचडी होण्याची शक्यता 74 टक्के, असा नाही. माणसामाणसांत या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला एवढा भाग जनुकीय फरकांशी जोडलेला आहे. जनुक एकच नाही. 2023 च्या मोठ्या जनुकीय अभ्यासात 27 ठिकाणं हाती लागली, प्रत्येकाचा परिणाम अगदी लहान. वळण लावल्याने दिनक्रम सावरतो, पण वळण न लावल्याने एडीएचडी होत नाही. ‘आळशी’ हा शब्द घरातून जावा असं मला फार मनापासून वाटतं.

‘एलडी’ म्हणजे अध्ययन अक्षमता ही वेगळी बाब. वाचन, लेखन किंवा गणित यांच्याशी ती निगडित आहे. एकाच मुलात दोन्ही असू शकतात, म्हणून तपासणी दोन्हींची करून घ्यावी, पण शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

तर योग्य शब्द? नाव म्हणून ‘एडीएचडी’च ठेवा. डॉक्टर, शिक्षक, पालक सगळ्यांना तो कळतो, आणि देवनागरीत तो आता मराठीच आहे. अर्थ सांगायचा असेल तर ‘अवधान-नियमनाची अडचण’ म्हणा. अहवालातला शब्द चूक नाही, मूळ इंग्रजी नावाचाच तो तर्जुमा आहे. मूळ नावातली उणीव त्यातही उतरली, एवढंच. वर्गशिक्षिकांना चिठ्ठी लिहाल तेव्हा मात्र ‘ती लक्ष देत नाही’ असं लिहू नका. ‘तिचं लक्ष लागायला मदत लागते; पुढच्या बाकावर बसवावं आणि सूचना एका वेळी एकच द्यावी’ असं लिहा.