डिस्क फॉरमॅट अपग्रेडचं बटन दाबण्याआधी

प्रश्न: आमच्याकडे तीन होस्टचा (सर्व्हरचा) व्हीसॅन क्लस्टर आहे, म्हणजे होस्टमधल्या डिस्क एकत्र करून सामायिक स्टोरेज देणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर, प्रत्येक होस्टवर एकच डिस्क ग्रुप (कॅश आणि डेटाच्या डिस्कचा संच). होस्ट ६.० वरून ६.२ वर नेले, सगळं व्यवस्थित चालू आहे, पण डिस्क फॉरमॅट अजून २ च दाखवतंय, ३ करायचंय. विझार्ड आधीच्या तपासणीतच अडतो, म्हणे काही ऑब्जेक्ट (साठवलेल्या डेटाचे घटक) इनॅक्सेसिबल आहेत, म्हणजे त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही. काय करू?

उत्तर: अडला ते चांगलंच झालं, जबरदस्ती पुढे ढकलू नका. व्हीसेंटर (सगळे होस्ट सांभाळणारा सर्व्हर) आधी, मग एकेक होस्ट आणि शेवटी डिस्क, हा क्रम तुम्ही पाळलाय म्हणजे अर्धं काम झालंय. आता आरव्हीसी (व्हीसेंटरसोबत येणारं कमांड लाइन टूल) उघडून व्हीसॅनची चेक स्टेट कमांड चालवा, अडकलेल्या ऑब्जेक्टची यादीच मिळेल. बहुतेक वेळा हे जुने स्वॅप ऑब्जेक्ट (व्हीएमची मेमरी डिस्कवर ठेवायची तात्पुरती जागा) असतात, व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) केव्हाच बंद झालेली असते किंवा होस्ट मधेच पडलेला असतो आणि तिची स्वॅप फाइल तशीच मागे राहते. त्यांच्यासाठी वेगळी पर्ज (काढून टाकायची) कमांड आहे, ती वापरा. पण यादीत स्वॅप सोडून दुसरं काही दिसलं, म्हणजे एखाद्या व्हीएमची डिस्क वगैरे, तर डिलीट करायचा विचारही नको, आधी कुठला होस्ट किंवा कुठली डिस्क गायब आहे ते शोधून ती परत आणा.

आता खरी काळजीची गोष्ट. २ वरून ३ ला जाताना एकेक डिस्क ग्रुप काढून नव्याने बनवला जातो, म्हणजे त्यावरचा डेटा तेवढ्यापुरता दुसरीकडे हलवावा लागतो. एका होस्टवर दोन ग्रुप असते आणि जागा असती तर तो तिथल्या तिथे हलला असता, तुमच्याकडे एकच ग्रुप आणि चौथा होस्टही नाही, त्यामुळे रिड्यूस्ड रिडंडन्सीला (नेहमीपेक्षा कमी कॉपींवर चालण्याला) परवानगी द्यावीच लागेल. याचा अर्थ ग्रुप नवा होऊन रिसिंक (डेटाच्या कॉपी पुन्हा तयार होणं) पूर्ण होईपर्यंत बऱ्याच व्हीएमच्या डेटाची एकच कॉपी उरते, आणि नेमकी त्याच वेळी दुसऱ्या होस्टवरची डिस्क गेली तर तो डेटा गेला. म्हणून बॅकअप झाला असा मेल आलाय एवढ्यावर भागत नाही, एखादी महत्त्वाची व्हीएम वेगळ्या स्टोरेजवर रिस्टोअर करा, चालू करा, आतलं अॅप्लिकेशन उघडतंय का ते बघा. हे झाल्याशिवाय मी तरी बटन दाबणार नाही.

त्याच दिवशी हेल्थ चेक पुन्हा चालवा, रिसिंक शून्यावर आलेला पाहिजे, कंट्रोलरचा फर्मवेअर आणि ड्रायव्हर सपोर्टेड यादीत बसतायत का तेही बघून घ्या, एखादी डिस्क आधीच एरर देत असेल तर ती बदलूनच पुढे जा. एकही होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये नको.

सुरू केल्यावर बराच वेळ लागतो, टक्का हलत नाही म्हणून मधेच होस्ट रीबूट करू नका, रिसिंकचा आकडा कमी होतोय ना ते बघत रहा. आणि एकदा ३ झालं की मागे फिरता येत नाही, ६.० चा होस्ट या क्लस्टरमध्ये घेता येणार नाही, त्यामुळे तसा एखादा जोडायचा विचार असेल तर तो आधी ६.२ वर न्या.