बाळाचं वजन घटतंय, माझं दूध पुरत नाहीये का?

नवजात बाळांच्या वॉर्डात समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक आईकडून येतो. कुणी सरळ विचारतं, कुणी नुसतं वजनकाट्याकडे बघत राहतं आणि मग आजी विचारतात, की पावडरचं दूध कधी सुरू करायचं? म्हणून एका आईची गोष्ट सांगते. नाव, गाव, ओळख पटेल असं काही देत नाहीये.

बाळ गरोदरपणाच्या बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं, जन्माचं वजन १४५० ग्रॅम. अडीच किलोच्या खाली जन्मलं की कमी वजनाचं म्हणतात आणि दीड किलोच्याही खाली असेल तर खूप कमी वजनाचं, म्हणजे हे बाळ दुसऱ्या गटात. सिझेरियन झालेलं, आई प्रसूतीच्या वॉर्डात, बाळ आमच्याकडे. पाचव्या दिवशी ती भिंतीला धरत धरत आली आणि म्हणाली, "मॅडम, काल १३९० होतं, आज १३३० भरलं, एका दिवसात साठ ग्रॅम गेले, माझ्यात दूधच नाहीये बहुतेक, तुम्ही डॉक्टरांना पावडर लिहून द्यायला सांगा ना."

आधी मी त्या साठ ग्रॅमचं काय झालं ते बघितलं. आदल्या दिवशी बाळाच्या हाताला सलाईनची सुई आणि त्याला आधार द्यायची पट्टी होती, ती सगळी वजनात धरली गेली होती. आज सलाईन निघालं, पट्टी निघाली. म्हणजे त्यातला बराचसा भाग बाळाचा नव्हताच! इतक्या छोट्या बाळाच्या बाबतीत ओला डायपर, नुकतंच दिलेलं दूध, वेगळा काटा, कशानेही आकडा वीस-तीस ग्रॅमने इकडेतिकडे होतो, म्हणून वजन रोज एकाच वेळी, त्याच काट्यावर, कपडे काढून आणि दूध द्यायच्या आधी करायचं. आणि आकडा नुसता आईसमोर टाकून पुढच्या बाळाकडे जाणं मला अजिबात पटत नाही. सिस्टरवर एका वेळी इतकी बाळं असतात की तिला थांबून बोलायला वेळ नसतो, ते मान्य आहे, पण त्या एका आकड्यावर आई रात्रभर जागते.

दुसरी गोष्ट म्हणजे पहिल्या आठवड्यात वजन कमी होणारच. बाळाच्या अंगातलं जास्तीचं पाणी जातं, लवकर जन्मलेल्या बाळात ते पाणी जास्तच असतं. जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत घट चालते, फार लवकर जन्मलेल्या बाळांत थोडी जास्तही होते. तिच्या बाळाचे १२० ग्रॅम गेले होते म्हणजे साधारण आठ टक्के. जन्माच्या वजनावर परत यायला अशा बाळांना दोन आठवडे लागतात, अगदी लहान असेल तर अजून जास्त. तिला कुणी हे आधी सांगितलंच नव्हतं.

मग दुधाचा हिशेब. ती म्हणाली "मॅडम, दुसऱ्या दिवशी अर्धा तास बसले तर तळाशी चार-पाच मिली आलं, ते काय पोट भरणार." मी कागद घेतला. पहिल्या दिवशी या वजनाच्या बाळाला किलोमागे साधारण ६० मिली दूध दिवसभरात देतात, म्हणजे १४५० ग्रॅमला ८७ मिली, दर दोन तासांनी दिलं तर एका वेळी सात मिली. सात! तिचे चार-पाच मिली म्हणजे अर्ध्याहून जास्त झाले की. नंतर रोज किलोमागे वीस-तीस मिलीने वाढवत नेतात आणि पहिल्या आठवड्याच्या शेवटी किलोमागे १५० च्या आसपास पोचतात, तेव्हासुद्धा एका फीडला अठराच मिली होतात. आपल्या डोळ्यासमोर गुटगुटीत बाळाची भरलेली बाटली असते, त्याच्याशी तुलना केली की कुठलीही आई हरणारच.

आणि ते चार-पाच मिली म्हणजे चीक. घट्ट, पिवळसर, संसर्गाशी लढणाऱ्या घटकांनी भरलेला. लवकर बाळंत झालेल्या आईच्या दुधात पहिले काही आठवडे प्रथिनंही जास्त असतात, म्हणजे शरीर त्या लवकर आलेल्या बाळासाठीच दूध बनवत असतं. पावडरच्या दुधाने अशा बाळांमध्ये आतड्याच्या एका गंभीर आजाराचा धोका वाढतो, पोट फुगतं, शौचातून रक्त जातं, कधीकधी जिवावर बेततं. जिथे ऑपरेशनची सोय जवळ नाही तिथे हा धोका घ्यायचा तर कारण तितकंच मोठं पाहिजे. म्हणून क्रम असा, की आधी आईचं दूध, ते मिळत नसेल तर दूध बँकेतलं दुसऱ्या आईचं तपासलेलं दूध आणि तेही नसेल तर पावडर. कधी आई अतिदक्षता विभागात असते, कधी आई जगातच नसते, तेव्हा पावडर द्यावी लागते आणि त्यात कुणी गुन्हा केलेला नसतो. पण "आकडा कमी भरला" हे कारण त्यात बसत नाही.

मग खरी अडचण कुठे होती? ती दिवसातून तीन-चारदाच दूध काढत होती. कारण विचारलं तर म्हणे "साठू देत होते, जास्त यावं म्हणून." हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय! छाती म्हणजे टाकी नाही की साठवलं की भरेल, जितक्या वेळा रिकामी कराल तितकं दूध बनतं, साठवून ठेवलं तर शरीराला वाटतं की गरज नाहीये. दिवसातून आठ ते बारा वेळा काढायचं, रात्री एकदा तरी नक्कीच, कारण दूध बनवणारं हार्मोन रात्री जास्त असतं. आणि खरं तर बाळंतपणानंतर पहिल्या काही तासांतच सुरू करायचं असतं, पण सिझेरियनच्या आईला तेव्हा कुणी उठवत नाही आणि बाळ दुसऱ्या मजल्यावर असतं, मग कुणाच्या लक्षात येणार.

आमच्याकडे पंप एकच आणि तोही बंद पडलेला, पण हाताने उत्तम जमतं. हात साबणाने धुवायचे, झाकणाचं उकळून घेतलेलं भांडं घ्यायचं, अंगठा आणि बोटं निपलपासून तीन-चार सेंटीमीटर मागे ठेवायची, आधी छातीच्या दिशेने आत दाबायचं, मग अंगठा-बोटं एकमेकांकडे दाबून सोडायचं. बोटं कातडीवरून घासत पुढे आणायची नाहीत आणि निपल ओढायचं नाही, दुखत असेल तर काहीतरी चुकतंय. पहिला मिनिटभर काहीच येत नाही तेव्हा बायका सोडून देतात, तिथेच थांबायचं असतं. बाळाच्या शेजारी बसून, किंवा बाळाला छातीशी धरून झाल्यावर लगेच काढलं तर दूध लवकर उतरतं, हे तिने स्वतःच दोन दिवसांत शोधलं आणि शेजारच्या आईलाही सांगून टाकलं.

तिचा पुढचा प्रश्न नळीचा. "तोंडातून नळी घातलीये, त्रास होत नसेल का, सरळ छातीला लावून बघू?" चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं हे तिन्ही एकाच तालात जमायला गरोदरपणापासून मोजलेले साधारण बत्तीस ते चौतीस आठवडे लागतात, त्याआधी जबरदस्तीने पाजलं तर दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. तोपर्यंत नळी हाच सुरक्षित रस्ता. नळीला सिरिंज लावून दूध वरून हळूहळू आपोआप उतरू द्यायचं, दट्ट्याने ढकलायचं नाही. हे सिस्टरच्या देखरेखीखाली आई स्वतः करू शकते आणि जिथे माणसं कमी आहेत तिथे आईने केलेलं फीड वेळेवर होतं, हे मी उघड सांगते. नळीने दूध चालू असताना बाळाला रिकाम्या केलेल्या छातीशी लावायचं, नुसतं चाटू द्यायचं, चघळू द्यायचं, यातून त्याची तयारी होते. पुढे बाळ जीभ बाहेर काढायला, चोखायला लागलं की छोट्या कपाने. कपाची कड खालच्या ओठाला टेकवायची, दूध ओठांपर्यंत आणायचं आणि बाळाला आपापलं चाटून घेऊ द्यायचं, तोंडात ओतायचं नाही. बाटली नको, तिच्यातून दूध भसाभस येतं आणि तिचे कानेकोपरे धुवायला भरपूर स्वच्छ पाणी लागतं, ते सगळीकडे कुठे असतं.

आता कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून धरणं. १९७८ साली कोलंबियाच्या बोगोटा शहरात डॉ. एडगार रे यांनी हे सुरू केलं, कारण काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या, एकेका पेटीत जास्त बाळं ठेवायला लागत होती आणि संसर्गाने बाळं जात होती. म्हणजे साधनं नसलेल्या हॉस्पिटलातूनच ही पद्धत आली. पुढे २०२१ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत आणि भारतात झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले, एक किलो ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना तब्येत स्थिर व्हायची वाट न बघता जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवलं तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू साधारण पाव हिश्शाने कमी झाले. आता जागतिक आरोग्य संघटना दिवसाला आठ ते चोवीस तास असं सांगते. तासभर धरून परत ठेवणं हे नसल्यापेक्षा बरं, पण तो उपचाराचा पूर्ण डोस नाही.

हे सगळं ऐकून ती जोमाने लागली आणि चौदाव्या दिवशी बाळ १४५० वर परत आलं. पुढे रोज वीस-एक ग्रॅम वाढत १५५० झालं आणि तिथे अडकलं. चार दिवस काटा हलेना. आता मात्र मला काळजी वाटली, कारण पहिल्या आठवड्यातली घट वेगळी आणि वाढीला लागलेलं बाळ थांबणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीचं कारण शोधायलाच लागतं. संसर्ग आहे का, रक्त कमी झालंय का, पोट फुगतंय का, हे डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक होतं.

कारण सापडलं ते तिच्या वहीत. मी सगळ्या आयांना एक वही ठेवायला सांगते, कधी किती दूध दिलं, लघवी किती वेळा, छातीशी किती तास. तिच्या वहीत प्रत्येक ओळीला १८ मिली, १८ मिली, १८ मिली. बाळ वाढलं पण दुधाचा आकडा फाईलवर कुणी बदललाच नव्हता! १५५० ग्रॅमला दिवसाचे २१६ मिली म्हणजे किलोमागे १४० सुद्धा होत नाहीत. आणि दुसरं, छातीशी ठेवल्याचे तास चौदावरून पाचवर आले होते, कारण तिला प्रसूतीच्या वॉर्डातून डिस्चार्ज मिळाला आणि वॉर्डात आईला झोपायला जागाच नाही, मग ती सकाळी यायची, संध्याकाळी जायची. रात्री बाळाचे पाय गार. गार पडलेलं बाळ खाल्लेलं सगळं अंग गरम ठेवण्यात खर्च करतं, वाढायला उरत नाही.

डॉक्टरांनी फीड २३ मिली केलं, म्हणजे किलोमागे १८० च्या जवळ. रात्रीसाठी भांडून दोन टेकायच्या खुर्च्या मिळवल्या, त्यातली एक तिला. आणि संध्याकाळचे काही तास बाळाचे बाबा बसायला लागले, आधी "मला जमेल का, पडेल का" करत होते. उघड्या छातीवर बाळ उभं, टोपी-मोजे आणि डायपर एवढंच, पाय बेडकासारखे, मान एका बाजूला, नाक मोकळं, वरून घट्ट कापड. जमलं. आजींनी पावडरचा विषय तरी काढलाच, त्यांना वही दाखवली आणि पुढच्या तीन दिवसांचं वजन बघू म्हटलं. तीन दिवसांत सत्तर ग्रॅम वाढलं, मग त्या स्वतः दुपारी टोपी नीट करायला यायला लागल्या.

घरी सोडताना बाळ १८०० च्या थोडं वर होतं, थेट छातीवर पीत होतं, मधेमधे कपाने आईचंच काढलेलं दूध. डॉक्टरांनी लोहाचे थेंब आणि ड जीवनसत्त्व लिहून दिलं. अशा बाळांना लोह दोन आठवड्यांच्या आसपास सुरू करून सहा महिन्यांपर्यंत देतात, पण थेंब किती ते वजनावर ठरतं, शेजारणीच्या बाळाचा डोस बघून देऊ नका. दर आठवड्याला वजन, अडीच किलो होईपर्यंत. बाळ पिणं बंद करतंय, अंग गार किंवा तापलेलं आहे, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, श्वास मधेच थांबतोय, हिरवी उलटी, फुगलेलं पोट, शौचातून रक्त, झटके, तळहात-तळपाय पिवळे, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, रात्र असली तरी निघायचं.

जाताना तिने विचारलं की घरी कांगारू कधी बंद करायचं. बाळ हातपाय झाडून बाहेर यायला लागलं, घामेजायला लागलं, की तेच सांगतं, साधारण अडीच किलोच्या आसपास. तोपर्यंत वही चालू ठेवायची आणि पहिल्या भेटीला सोबत आणायची.